पंचफुलाबाईंची पात

नेर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गावाची बदनामी होईल म्हणून नव्हे, माझी होईल म्हणून. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी नऊ वर्षं मास्तर होतो आणि त्यातली निदान आठ वर्षं स्वतःला फार हुशार मास्तर समजत होतो. तालुक्याच्या प्रशिक्षणात मला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून पुढच्या रांगेत बसवत. प्रोजेक्टरची वायर कुठं खुपसायची एवढं मला कळायचं, त्याचा हा मान. त्या शाळेत मुलांना खरं ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते कधी फळ्यासमोर उभं राहिलं नाही. ते मागच्या पत्र्याच्या खोलीत खिचडी शिजवत होतं.

पंचफुलाबाई उंच, काटक, आणि घाई नसतानाही लांब लांब टांगा टाकत चालणाऱ्या. आवाज घोगरा. सकाळी आल्या की ऑफिसच्या दारात थांबून "जयभीम सर" म्हणायच्या, ते अशा बेतानं की मला वाटायचं आपली हजेरी लागली. मुलांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, किंवा त्या ठेवत नसत. त्यांच्या लेखी मुलं होती ती अशी: काठाकाठानं खाणारा, वरणातली मिरची शेजाऱ्याच्या ताटात टाकणारी, दुसऱ्यांदा मागायला लाजणारी. "तो काठावाला आज आला नाही सर, काल त्याचा बाप पिऊन आलता का पाहा," असं त्या सांगायच्या आणि तसंच निघायचं. मी हजेरीपटात पाहून सांगायचो की तो तर आज हजर आहे. मग वर्गात जाऊन बघायचो, आणि गुपचूप खाडाखोड करायचो.

माझ्या हुशारीचा पहिला फुगा त्यांनी चव-नोंदवहीवर फोडला. नियम असा आहे की मुलांना वाढण्याआधी मास्तरनं खिचडी चाखायची आणि वहीत अभिप्राय लिहायचा. मी सोमवारीच शनिवारपर्यंतचं 'उत्तम' लिहून मोकळा व्हायचो. वाटी यायची, मी दोन घास खायचो, फोनवर बोलत बोलत. एके दिवशी पंचफुलाबाई वाटी परत न्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"कशी झाली सर?"

"उत्तम."

"मीठच नोहतं त्याच्यात."

मी दचकलो. "अहो मावशी, मुलांना अळणी वाढलं?"

"पोरायच्यात हाय मीठ. तुमच्या वाटीतच टाकलं नोहतं. पाहाव म्हनलं, कोनी चाखते का नुसतं लिवते." असं म्हणून त्या वाटी घेऊन गेल्या. रागावल्या नव्हत्या. एक शंका होती, ती फिटली, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी दुसऱ्या दिवसापासून चाखायला लागलो आणि तरीही 'उत्तम'च लिहीत राहिलो, कारण दुसरं काय लिहायचं ते मला सुचेना.

त्या लागल्या तेव्हा, म्हणजे माझ्याही आधी, गावातली काही ताटं शाळेत येत नसत असं मी ऐकलं होतं. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको म्हणून पोरं दुपारी घरी पळायची. मी एकदा मोठा समाजसुधारक होऊन त्यांना त्याबद्दल विचारलं, माझी सहानुभूती वगैरे सोबत घेऊन. त्या म्हणाल्या, "हाव, नोहते येत. मी फोडनी जरा जास्त देत जाव. वाऱ्याची दिशा पाहून." मग हसल्या आणि कांदा कापायला लागल्या. त्या विषयावर त्या माझ्याजवळ तेवढंच बोलल्या.

शाळा सुटली की पंचफुलाबाई वावरात जायच्या. पावसाळ्यात निंदणं, दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणं. निंदणाला बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला तासांची, म्हणजे पिकाच्या ओळींची, एक पट्टी येते, तिला आमच्याकडं पात म्हणतात. सगळ्यांची तोंडं एका दिशेला, नजर खाली, हातात विळा, आणि जिभा मोकळ्या. ह्या पातीशी माझा संबंध कधी आला नव्हता. माझे वडील कारकून, मी यवतमाळच्या फ्लॅटमध्ये वाढलो. कापसाचं झाड मी पहिल्यांदा चित्रकलेच्या वहीत पाहिलं, आणि ते चुकीचं काढलेलं होतं.

मग तो रोग आला आणि शाळा बंद झाली.

आता खरं सांगतो, पहिले दोन महिने मला आनंदच झाला होता. इतकी वर्षं ज्या तंत्राचा स्नेह मी नुसता मिरवत होतो, ते दाखवायची वेळ आली असं मला वाटलं. मी ग्रुप काढला. रोज सकाळी सुविचार, मग एक पीडीएफ, मग दुसरी पीडीएफ, संध्याकाळी उत्तरांचे फोटो मागवायचे, आणि फोटो पाठवणाऱ्याला चिकटवायला मी एक चकाकणारा तारा शोधून ठेवला होता. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायचं. मुलांच्या घरी फोन किती? त्यातले चालू किती? हे मी विचारलं नाही. यवतमाळला माझ्या गॅलरीत नेटवर्क फार छान होतं.

त्या साली टाळेबंदीनं कापसाची खरेदीही बंद पडली. मागच्या हंगामातला कापूस घराघरांत पडून होता. मी आपला 'माझा अभ्यासाचा कोपरा' असा उपक्रम दिला आणि फोटो मागवले. फोटो आले. एकाही घरात कोपरा नव्हता. खोलीभर कापूस, पार पत्र्याला टेकलेला, आणि त्यावर वही घेऊन बसलेली पोरं, डोकं आढ्याला लागू नये म्हणून मान वाकडी केलेली. मी खाली लिहिलं, 'व्वा, मऊ गादी!' आणि तीन हसरे चेहरे टाकले. साठवलेल्या कापसात किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, रात्ररात्र लेकरं अंग खाजवतात, हे मला पंचफुलाबाईंनी पुढं सांगितलं तेव्हा कळलं. तो मजकूर मी नंतर पुसला, पण सगळ्यांनी आधीच वाचला होता.

पावसाळा संपता संपता वरून आदेश आला की मुलांच्या मनाची स्थिती कशी आहे ते कळवा. मी एका बैठकीत फॉर्म बनवला. तुला उदास वाटतं का, भीती वाटते का, झोप लागते का, तुझा छंद कोणता. ग्रुपवर टाकला आणि पाऊण तासात झाडून सगळ्या मुलांची उत्तरं आली. एकही मूल उदास नाही. कोणालाच भीती नाही. झोप सगळ्यांना शांत. मी तक्ता काढला, त्यावर रंग भरले आणि तालुक्याच्या ऑनलाइन सभेत सांगितलं की आमच्या शाळेची मुलं पूर्ण आनंदी आहेत. साहेबांनी कौतुक केलं. सभा संपल्यावर सहज यादी चाळली तर सगळ्या मुलांचा छंद एकच होता: भजन आणि क्रिकेट पाहणे. गावातल्या किराणा दुकानदाराचा फोन बऱ्याच मुलांच्या नावे ग्रुपात होता, आणि त्या भल्या माणसानं गिऱ्हाईक नसलेल्या वेळात अख्ख्या शाळेचं मन भरून टाकलं होतं. मी तक्ता परत मागवला नाही. कौतुक झालेलं होतं.

पंचफुलाबाईंना शाळा बंद असताना खिचडीचं काम नव्हतं. तांदूळ मात्र येत होता आणि तो कोरडाच वाटायचा होता, पालकांना बोलावून. मी तारीख, वेळ, अंतराचे गोल, सगळं आखून दिलं. त्या दिवशी मी पोचलो तर पोती तशीच बांधलेली आणि पालक एक नाही.

"मावशी, लोक कुठंयत?"

"परत लावले. म्हनलं, तांदळात खडे लय हायत. निवडा लागते. पोरायले पाठवा, ताट घेऊन, पाच-पाच सहा-सहा. आपापला निवडन अन् घेऊन जाईन."

"अहो, पण एवढे खडे नाहीत यात."

"हायत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात मुलं बसायला लागली. तोंडाला रुमाल, मधे दोन-दोन हाताचं अंतर, समोर ताट. पंचफुलाबाईंनी सगळ्यांना एका ओळीत बसवलं होतं, तोंडं कुंपणाच्या भिंतीकडे. मी प्रशिक्षणातून ताजा आलेलो. मुलांशी संवाद साधायचा तर वर्तुळात बसवावं, एकमेकांचे चेहरे दिसावेत, असं मला कोणीतरी शिकवलं होतं आणि मी ते पुढं इतरांनाही शिकवलं होतं. मी खडूनं मोठा गोल काढला.

"पुसा ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "गोल बसवलं का तोंडं दिसतेत. तोंड दिसलं का पोट्टं हासते नाही तं खोटं बोलते. पातीत कोनी कोनाले पाहत नाही सर. हात चालतेत, मंग बोलनं आपोआप निंगते."

मी गोल पुसला, पण मनातून नाही.

आणि निघालंच की बोलणं. तासभर तांदूळ निवडता निवडता तिसरीतला एकजण भिंतीकडे पाहत म्हणाला की आमच्या घरी आता रोज भांडण होते. दुसरी म्हणाली, आमच्या इथं पण, पण आई-बाबा फक्त जेवायच्या वेळी भांडतात. चौथीतल्या एकीला वाचायला विसरल्यासारखं वाटत होतं, ती अक्षरं पाहते पण ती चिकटत नाहीत. पंचफुलाबाई कोणालाही उपदेश करत नव्हत्या. मधेच "हाव का?" म्हणायच्या, मधेच "मंग?" विचारायच्या. त्यांच्या ओळीत पाढेही चालायचे. जिला अक्षरं चिकटत नव्हती तिला त्यांनी तांदळाच्या पोत्यावरचं छापील वाचायला लावलं, कारण त्यांना स्वतःला ते वाचता येत नव्हतं आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं तिथं काय लिहिलंय.

मी डायरी घेऊन आलो. एवढी निरीक्षणं, एक लेख सहज झाला असता. पंचफुलाबाई माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "वही आत ठेवा सर. वही दिसली का पोट्टे पुस्तकातल्यावानी बोलतेत." तेव्हापासून मी ऑफिसमध्ये खिडकीशी बसून ऐकायचो. माझ्याकडे त्यांची पाठ असायची. मला ते बरं वाटायचं, कारण ऐकताना माझं तोंड कसं होतंय ते कोणाला दिसत नव्हतं.

त्या ओळीत सहावीतली पायल यायची, शेजारच्या तांड्यावरची. सप्टेंबरात तिचा आजा त्या रोगानं गेला होता. यवतमाळला नेलं आणि परत आणलंच नाही, तिकडेच सगळं झालं. पायल ओळीच्या पार टोकाला बसायची, दोन हात नाही, चांगली दहा हात दूर. रुमाल कधी खाली घ्यायची नाही. दर थोड्या वेळानं उठून नळावर हात धुवायची, साबण लावून, कोपरापर्यंत. कोणाचं ताट तिच्याकडे सरकलं तर मागं सरायची. बोलायची मात्र काहीच नाही.

मी काय केलं ऐका. मी तिचा फोटो काढला. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अंतर कसं पाळावं, हात कसे धुवावेत, पायलचा आदर्श घ्या.' सोबत तो चकाकणारा तारा.

पंचफुलाबाईंना फोटो कोणीतरी दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या, पहिल्यांदाच न विचारता खुर्चीवर बसल्या.

"सर, ते पोरगी अंतर नाही पाळून राह्यली. भेऊन राह्यली."

"कशाला?"

"ते मले मालूम नाही. पन पाहा, कोनी तिच्याजोळ आलं तं ते स्वतःसाठी नाही सरकत मांगं. त्याच्यासाठी सरकते."

मी म्हणालो, मी समुपदेशनाची एक पीडीएफ शोधतो. त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या.

त्या दिवसापासून पंचफुलाबाई ओळीच्या त्या टोकाला बसायला लागल्या. पहिल्या दिवशी पायलपासून आठ हातांवर, मग सात. विचारत काही नव्हत्या. बोंडअळीबद्दल बोलायच्या, की यंदाही बोंडं वरून चांगली दिसतात अन् फोडली की आत काळी. विळ्याच्या धारेबद्दल बोलायच्या. एका गुरुवारी त्या चार हातांवर आल्या आणि तांदळावरची नजर न काढता सांगायला लागल्या.

"मी नऊ-दहा वर्साची असन. मामाच्या गावी गेलती. तिथं गोवर होता. मी आली घरी, अन् आठ दिवसानं माह्या ल्हान भावाले निंघाला. मले काहीच झालं नाही, त्याच्या अंगावर बोट ठेवाले जागा नोहती. तो गेला." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "मंग मी लय वर्सं कोनाचं लेकरू कडेवर घेतलंच नाही. माय म्हने, घे वं जरा. मी म्हनो, हात दुखते. कोनाले सांगतलंच नाही काहून नाही घेत ते."

ओळीत हात चालू होते. कोणी मान वळवली नाही.

पायल म्हणाली, "मी नेरले गेलती."

तिचा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. पंचफुलाबाईंनी नुसतं विचारलं, "कायले?"

"झेरॉक्स आनाले. सरानं यादीत नाव टाकलं होतं माहं. अभ्यास न पाठवनाऱ्यायच्या. मंग आजा म्हने, चाल, मी चालतो संगं. झेरॉक्सवाल्याकडं लय गर्दी होती. आज्यानं रुमालबी नोहता बांधला, गरमी होते म्हने." मग तिनं ताट जवळ ओढलं. "मले काहीच नाही झालं. त्यालेच झालं."

मी खिडकीत होतो. ती यादी मला आठवली. दर शनिवारी टाकायचो, लाल अक्षरांत, नावापुढं कडक शब्द. फोन नाही, कागद नाही, तरी त्या पोरीनं नाव निघावं म्हणून आठ किलोमीटर म्हाताऱ्याला सोबत घेऊन जाऊन माझ्या पीडीएफचे कागद आणले होते. उत्तरं लिहून तिनं ती पाठवलीही होती, कोणाच्या तरी फोनवरून. मी त्यावर तारा दिला होता का, ते मला आठवेना. ऑफिसात मी एकटाच होतो, तरी मान खाली घातली.

संध्याकाळी सगळी गेल्यावर पंचफुलाबाई ताटं धूत होत्या. मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या तुमीबी पात धरा सर."

"मी काय बोलू पण?"

"जे हाय ते."

घरी जाताना मोटरसायकलवर मी भाषण तयार केलं. चार मुद्दे होते. त्यात 'परिस्थिती', 'शासनाचे निर्देश' आणि 'आपण सगळेच शिकत असतो' असे शब्द होते. नेरच्या सरकारी दवाखान्यातून एका समुपदेशक ताईंचा नंबरही मिळवला, आणि तेवढं एक काम मात्र मी त्या सबंध वर्षात शहाण्यासारखं केलं. त्या ताई पुढं बरेच महिने पायलशी आणि तिच्या आईशी बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन ओळीत बसलो, पंचफुलाबाईंच्या पलीकडं, पायलपासून सहा हातांवर. मांडी घालायची सवय नाही, गुडघे बोंबलत होते. दोन मिनिटांत शेजारची चौथीतली पोरगी भिंतीकडे पाहत म्हणाली, "सर, तुमी तांदूळ फेकून राह्यले अन् खडे ठेवून राह्यले." ओळ खुदखुदली. माझे चारही मुद्दे पळाले होते.

मी म्हणालो, "पायल, ती यादी मी टाकायला नको होती. तुझ्याकडे फोन आहे का, एवढंही मी विचारलं नव्हतं. तरी टाकली. माझी चूक होती ती."

ओळीत तांदूळ ताटात पडल्याचा आवाज होत राहिला. मग पायलनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, हिशोबातला एखादा प्रश्न विचारावा तसं, "मंग सर, तुमच्यानं मेला का माहा आजा?"

हो म्हणावं तर खोटं होतं, आणि तसं म्हणण्याइतका मी मोठाही नव्हतो. नाही म्हणावं तर तिला वाटलं असतं, सर सुटले, आता उरले मीच. माझ्या तोंडून निघालं, "मला माहीत नाही गं." मास्तर झाल्यापासून वर्गासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं असेन.

पंचफुलाबाई तेव्हा बोलल्या. "सरानं यादी टाकली. तू झेरॉक्स आनलं. आज्याले तुह्यासंगं यावसं वाटलं, तो आला. झेरॉक्सवाल्यानं दुकान उघडं ठेवलं. कोनाकोनाचं नाव घेतं बाई? त्या हप्त्यात तुमच्या तांड्यावर सात-आठ घरी ताप होता. ते सारे का तुह्या मांगं नेरले गेलते?" त्यांनी मूठभर तांदूळ पुढं ओढला. "माह्या भावाच्या टायमाले मले हे कोनी सांगतलंच नोहतं. लय उशीरा निंदताना एका बाईनं सांगतलं. म्हनून तुले आजच सांगतो."

पायल रडली. मोठ्यानं, हुंदके देत, रुमाल भिजेपर्यंत. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही, एकही हात थांबला नाही, आणि ती रडत असताना सगळी मुलं, मीसुद्धा, तांदूळ निवडत राहिलो. थोड्या वेळानं पंचफुलाबाई उरलेले चार हात सरकल्या आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. ती मागं सरली नाही.

एका दिवसात सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. हात धुणं बरेच आठवडे चाललं. दिवाळी झाली. दुसऱ्याही वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, तांड्यावरची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेली आणि पोरं सोबत घेऊन गेली. पायलची आई मात्र गेली नाही. पोरीला आत्ताच कुठं वाचा फुटली, म्हणाली. शाळा वर्गावर्गानं उघडत गेली, खिचडी फार उशिरा सुरू झाली. पण पट घसरला होता, आणि पट घसरला की नियमानं एक स्वयंपाकी कमी होतो. कमी झाल्या त्या पंचफुलाबाई, कारण दुसऱ्या बाई बचत गटाच्या अध्यक्षांच्या नात्यातल्या होत्या. मी अर्ज केला, ठसठशीत भाषेत, मुद्देसूद. त्याला पोच मिळाली. मग मी दुसरा केला.

त्यांची शेवटची भेट नेरच्या स्टँडवर. त्या लेकीकडे बाभुळगावला निघाल्या होत्या, कायमच्याच बहुतेक, यवतमाळच्या गाडीची वाट बघत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मी शेजारी बसलो. दोघंही समोर लागलेल्या गाड्यांकडे पाहत होतो. मी तिसऱ्या अर्जाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"पायल कशी हाय?"

"चांगली आहे मावशी. हजेरी नियमित आहे. वाचनाच्या चाचणीत तिला..."

"ते नोका सांगू. बोलते का?"

"बोलते? परवा गणिताच्या तासाला तिची इतकी बडबड चालली होती की माझं डोकं फिरलं. उभं केलं तिला आणि ओरडलो. मग रात्रभर मला वाईट वाटत राहिलं, की या पोरीवर तरी मी ओरडायला नको होतं."

पंचफुलाबाईंनी मान वळवून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी ओरडले तिच्यावर?"

"हो."

"मंग ते रडली?"

"नाही. खाली बसली, आणि पुन्हा बोलायला लागली."

यवतमाळची गाडी फलाटाला लागली. लोक धावले. पंचफुलाबाई पिशवी सावरत उठल्या, लांब टांगा टाकत दाराशी पोचल्या आणि दोघातिघांना कोपरानं सारून चढल्या. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी बाहेर डोकं काढलं. हसत होत्या, पदराची कड दातात धरून.

"लय बरं केलं सर," त्या म्हणाल्या. "सालभर सारे तिच्याशी हळू आवाजात, जपूनच बोलत होते. उद्या बोलली तं उद्याबी ओरडजा."